आखाडातली वजडी-मुंडी : पहिल्यांदा ताटात घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आषाढ लागला की आमच्या ग्रुपवर 'या वेळी नुसतं मटण नको, वजडी-मुंडी करू' असा मेसेज पडतो आणि त्याच्या मागोमाग प्रश्न सुरू होतात. जन्मभर मटण खाल्लेली माणसंही बोकडाच्या पोटाचं नाव काढलं की दोन पावलं मागे सरतात. दरवर्षी नवे लोक येतात आणि तेच विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. वजडी म्हणजे नक्की काय? मुंडी, पाया, रक्ती हे सगळं त्यातच येतं का?

वजडी म्हणजे बोकडाचं किंवा मेंढ्याचं पोट. काही भागांत वजरी म्हणतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. सगळ्यात मोठ्याला आतून दाट लव असते, दुसरा जाळीदार असतो, तिसऱ्यात पातळ पानं एकावर एक असतात आणि चौथा गुळगुळीत. खाटीक वजडी देतो त्यात पहिल्या कप्प्याचाच भाग जास्त असतो. बरेच जण आतडीही त्याच पिशवीत घालून देतात, तेव्हा घेताना विचारा.

बाकीची नावं वेगळ्या भागांची आहेत. मुंडी म्हणजे डोकं, पाया म्हणजे खुरांपासून गुडघ्यापर्यंतचे पाय (नागपूरकडे सावजी खाणावळीत 'खूर' मागा), रक्ती म्हणजे रक्त. कलेजी, गुर्दा (मूत्रपिंड), दिल, तिल्ली (प्लीहा), फुफ्फुस आणि भेजा हे सगळं त्याच जनावराचं, पण प्रत्येकाची चव, शिजण्याचा वेळ आणि पथ्यं निराळी.

२. आजवर फक्त मटणाच्या बोट्या खाल्ल्यात. सुरुवात कशापासून करू?

कलेजीपासून. ती पुष्कळांनी नकळत खाल्लेलीच असते, कारण किलोभर मटणात खाटीक एखादा तुकडा टाकतोच. त्यानंतर पायाचा रस्सा घ्या. त्यात चावायचं फारसं काही नसतं, रस्सा ओठांना चिकटतो आणि भाकरी कुस्करून खाता येते. मग मुंडीतलं गालाचं मांस. डोळे मिटून खाल्लंत तर ते साध्या मटणापेक्षा वेगळं ओळखू येणार नाही, उलट जास्त मऊ लागेल. जीभही तशीच.

इथपर्यंत आलात की वजडी. तिथे चव फार परकी नसते, चावणं परकं असतं. रक्ती त्यानंतर. भेजा सगळ्यात शेवटी ठेवा, कारण तो मिरी-कांद्यावर परतल्यावर मऊ अंडाभुर्जीसारखा लागतो आणि 'मांस म्हणजे चावायचं' अशी सवय असलेल्या जिभेला तोच मऊपणा नको होतो. पहिल्याच घासाला भेजा भरवून गंमत बघणारे हौशी प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांच्या शेजारी बसू नका.

एका जेवणात हे सगळं चाखलंच पाहिजे असं नाही. दोन प्रकार चाखलेत तरी पुष्कळ झालं.

३. वास येतो म्हणतात. खरंच येतो का?

नीट साफ केलेल्या वजडीला स्वतःचा हलका वास असतो, तो मसाल्यात मुरतो. नाकाला झोंबणारा, गोठ्याची आठवण देणारा वास आला तर साफसफाई अर्धवट झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बोकडाने खाल्लेला पाला पहिल्या कप्प्यात तासन्‌तास आंबत असतो. जंतू तो फोडतात, त्यातून आंबूस वासाची आम्लं तयार होतात आणि वास आतल्या काळपट अस्तरात बसतो. अस्तर निघालं की वासही बहुतेक जातो.

दुसरं कारण जनावर. खच्ची न केलेल्या वयस्क बोकडाला मुळातच उग्र वास असतो आणि तो चरबीत राहतो. कोवळा किंवा खच्ची केलेला बोकड असेल तर निम्मं काम सोपं होतं.

ज्यांनी 'एकदा खाल्ली होती, पुन्हा नाव काढणार नाही' असं सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी वजडी अशी खाल्लीच नव्हती. त्यांनी घाईत धुतलेली वजडी खाल्ली होती.

४. मग साफ करायची तरी कशी?

सगळी मेहनत इथेच आहे. हे काम ज्याने केलं त्याला जेवताना पहिलं ताट द्यावं, असं आमचं मत आहे.

पोट चिरून उलटं करायचं, आतला सगळा पाला झटकून वाहत्या पाण्याखाली धुवायचं. मग गरम पाणी. इथे नवखे चुकतात. खळखळ उकळतं पाणी ओतलं तर अस्तर आवळून बसतं आणि मग खरवडून खरवडून हात दुखतात. पाणी वाफाळतं हवं, उकळतं नको. साधारण ६५ ते ७० अंश. त्यात तुकडा मिनिटभर बुडवायचा आणि बोटाने घासून बघायचं. काळा पापुद्रा सुटायला लागला की लगेच बाहेर काढून बोथट सुरीने किंवा चमच्याच्या कडेने खरवडायचं. नाही सुटला तर आणखी थोडा वेळ. खाली फिकट, पांढुरकं पोट दिसलं की झालं.

मग खायचा चुना चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा आणि चार-पाच पाण्यांनी धुवायचं. चुना नको असेल तर जाडं मीठ आणि लिंबू. कुणी तांदळाचं पीठ चोळतं, गावाकडे चुलीतली राख वापरतात. सगळ्यांचा उद्देश चिकट थर ओढून काढणे हाच. जाळीदार आणि पानांच्या कप्प्यात पान न् पान उलगडून धुवावं लागतं, नाहीतर कचकच लागते. आतडी असतील तर ती काडीने उलटी करून आतून धुवायची. ज्याला हे जमत नसेल त्याने आतडी आणूच नयेत.

शेवटी हळद घालून एक उकळी काढायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. आता वास घ्या. शंका वाटली तर दुसरं पाणी. हे होईपर्यंत मसाल्याला हात लावायचा नाही, कारण मसाल्याने वास झाकला जात नाही, दोन्ही एकदम येतात.

मुंडी आणि पायाचं तंत्र वेगळं. ते विस्तवावर किंवा गॅसच्या बर्नरवर भाजून केस जाळायचे, सुरीने खरवडायचे, मग हळद-मीठ लावून धुवायचे. बहुतेक खाटीक भाजून देतात.

५. खाटकाकडून साफ केलेली आणली तर?

आणा, पण घरी प्रश्न ४ मधली शेवटची उकळी आणि वासाची परीक्षा चुकवू नका. दुकानात शनिवार-रविवारी गर्दी असते आणि 'साफ केली' याचा अर्थ कधीकधी फक्त पाला काढला एवढाच असतो. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर काम चांगलं होतं. त्याचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस करू नका.

६. कुकरच्या किती शिट्ट्या?

यावर भांडणं होतात, कारण आकडा कुकरवर आणि बोकडाच्या वयावर ठरतो. अंदाज म्हणून : कोवळ्या बोकडाच्या वजडीला सात-आठ शिट्ट्या, जून असेल तर त्यावर मंद आचेवर आणखी वीस मिनिटं. पाया आणि मुंडीला दहा शिट्ट्या आणि पुढे अर्धा-पाऊण तास मंद आच. चुलीवर करणार असाल तर सकाळीच चढवा. या भागांत चिवट धागे फार. ते ओल्या उष्णतेत हळूहळू विरघळून रस्सा दाट करतात. त्याआधी उतरवलं तर दातांची परीक्षा.

कलेजीचं गणित उलटं आहे. मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं, मीठ शेवटी. जास्त वेळ ठेवली की ती कोरडी, भुसभुशीत होते. पण आतून कच्ची लाल राहता कामा नये, मधला तुकडा कापून बघा. भेजाचा पातळ पापुद्रा आणि रक्तवाहिन्या काढून, हळदीच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून मगच परतायचा. रक्ती आधी पाण्यात उकळून घट्ट वडी करायची, मग कुस्करून कांदा, लसूण आणि तिखटावर कोरडी होईपर्यंत परतायची.

मसाला तुमच्या गावचा वापरा. कोल्हापूर-साताऱ्याचा कांदा-लसूण, सोलापूरचं काळं तिखट, खानदेशी काळा, कोणताही चालतो. पहिल्यांदा खाणारे असतील तर तिखट जरा आवरतं घ्या. जीभ भाजली की चव कसली कळणार.

७. वीस माणसं आहेत, त्यातली निम्मी नवखी. किती आणायचं?

मटण नेहमीच्या हिशेबाने आणा, माणशी पाव किलो. वजडी-मुंडी ही त्याच्या जोडीला. नवख्याला कच्चं पन्नास ग्रॅम धरलं तरी पुरतं, खवय्याला दीडशे.

एका बोकडाची साफ झालेली वजडी किलोच्या आतबाहेर भरते आणि शिजून आटते, म्हणजे वीस जणांत दोन बोकडांची लागेल. भेजा मात्र एका मुंडीत जेमतेम शंभर ग्रॅम निघतो, तो चमचाभरच वाट्याला येणार. 'सगळ्यांना भेजा फ्राय' असं ग्रुपवर जाहीर करून बसू नका.

गावाकडचे मित्र मिळून अख्खा बोकड घेणार असतील तर वाटे घालायची पद्धत उत्तम. प्रत्येक वाट्यात मटण, हाड, चरबी, कलेजी, वजडी थोडी थोडी पडते. ज्याला वजडी नको तो आपला हिस्सा दुसऱ्याला देतो आणि बदल्यात दोन बोट्या घेतो. मुंडी कुणाची हे आधी ठरवा. काही गावांच्या जत्रेत मुंडीचा मान ठरलेला असतो, तिथे पाहुण्याने मध्ये बोलू नये.

८. तोंडात घातल्यावर नको वाटलं तर काय करायचं? सगळ्यांसमोर लाज वाटते.

कागदी रुमालात काढा, पाणी प्या, कांदा चावा, रस्सा-भाकरी खायला लागा. कुणी बघत नसतं, आणि बघितलं तरी त्यांच्यातल्या निम्म्यांचं पहिल्यांदा तसंच झालेलं असतं.

ते टाळायचं असेल तर ताटात वाढून घेऊ नका. शेजाऱ्याच्या वाटीतला एक छोटा तुकडा मागा. भाकरीच्या घासात गुंडाळून, लिंबू पिळून खा. उपाशीपोटी पहिला घास वजडीचा नको. आधी अर्धी भाकरी रश्श्याबरोबर जाऊ द्या. आणि 'ई', 'शी' हे शब्द घरी ठेवून या. तुम्हाला आवडलं नाही तर तो तुमचा प्रश्न आहे, पण शेजारचा ते आवडीने खातो आहे.

यजमानाला आदल्या दिवशी 'मी फक्त चाखणार' एवढं सांगितलंत तर त्याला वाईट वाटत नाही. पातेल्यात उरलं तर वाटतं.

९. सांगितलं तर नवरा हात लावणार नाही. 'मटणच आहे' म्हणून वाढलं तर?

नाही. हा प्रश्न नवरा, सासू, ऑफिसचा साहेब अशी पात्रं बदलून येतो आणि आमचं उत्तर बदलत नाही. पातेल्यात काय आहे ते वाढण्याआधी सांगायचं. कुणाला पथ्य असतं (प्रश्न १४), कुणाचा धर्म आड येतो (प्रश्न ११), कुणाला फक्त आवडत नाही आणि तेही कारण पुरेसं आहे. खाऊन झाल्यावर 'बघ, आवडलं की नाही' म्हणणाऱ्याच्या घरचं पुढचं जेवण माणूस संशयाने जेवतो.

आमच्याकडे पातेल्यांच्या झाकणांवर खडूने नाव लिहितात. गर्दीत तेवढं पुरतं.

१०. घरचे म्हणतात, 'आपल्यात वजडी खात नाहीत.' काय उत्तर देऊ?

या वाक्यातलं 'आपल्यात' म्हणजे जात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी म्हणत नाही. बोट्या एका आळीत गेल्या आणि पोट, आतडी, रक्त, खूर दुसऱ्या आळीत, अशी वाटणी आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या होती. ज्यांच्या वाट्याला हे आलं त्यांनी ते खाण्याजोगं करण्याचं कसब कमावलं. खरवडणं, चुना, राख, काडीवर आतडी उलटणं, रक्ती परतणं, मांस वाळवून पावसाळ्यासाठी ठेवणं. प्रश्न ४ मधली सगळी विद्या त्या स्वयंपाकघरांतली आहे, विशेषतः तिथल्या बायकांची. त्यासाठी त्यांना नावं ठेवली गेली. आज शहरात हेच 'वजडी फ्राय' म्हणून मटणाच्या भावाने मिळतं आणि लोक फोटो काढतात.

'आपल्यात खात नाहीत' हे सगळ्या मराठी घरांना लागूही नाही. कोल्हापुरात रक्ती-मुंडी आवडीने खाणारे सगळ्या जातींत सापडतात, विदर्भात सावजीचा खूर खायला कुणी कुळ विचारत नाही.

तुम्ही घरी वाद घाला किंवा घालू नका, खा किंवा खाऊ नका. फक्त जेवणाच्या पंगतीत हे वाक्य मोठ्याने म्हणू नका. शेजारी बसलेल्याच्या आजीने आयुष्यभर वजडी रांधलेली असू शकते.

११. ग्रुपमध्ये मुस्लिम, बेने इस्रायली (मराठी ज्यू) आणि ख्रिस्ती मित्र आहेत. कुणाला काय चालतं?

त्यांनाच विचारा, घरागणिक फरक असतो. मोटामोटी एवढं लक्षात ठेवा : रक्त इस्लाम आणि ज्यू धर्म दोन्हींत निषिद्ध आहे, म्हणून रक्ती करणार असाल तर तिची कढई, डाव, ताटली सगळं वेगळं. मटण हलाल दुकानातून आणलंत तर मुस्लिम मित्रांना कलेजी-पाया बिनघोर चालेल. कपुरे (बोकडाचे वृषण) त्यांच्यात बरेच जण वर्ज्य मानतात, वजडीबद्दल त्यांच्यातच मतं वेगवेगळी आहेत. रायगड-मुंबईचे बेने इस्रायली त्यांच्या पद्धतीने कापलेलंच मांस खाणारे असतील तर सरळ वेगळी सोय करा. शिवाय मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, वाटणातलं दही लपून राहतं.

ख्रिस्ती मित्र या जेवणात बहुधा तुमचे गुरूच ठरतील. गोव्याच्या सोरपोतेलमध्ये डुकराच्या मांसाबरोबर कलेजी आणि दिल असतं, जुन्या पद्धतीत रक्तही घालतात, आणि व्हिनेगरमध्ये मुरून ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस असतील तर तेवढं विचारून घ्या.

हिंदूंमध्येही काही जण झटकाच (एका घावात मारलेल्या जनावराचं मांस) लागतो म्हणतात. दोन्ही हवे असतील तर दोन दुकानं, दोन पातेली.

१२. आमच्याकडे फक्त बोल्हाईचं मटण चालतं. मुंडी-वजडी कशी मिळेल?

पुणे परिसराबाहेरच्यांसाठी : हवेली तालुक्यातल्या वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी कुटुंबं शेळी-बोकड खात नाहीत, मेंढीचं मटण खातात. त्यालाच बोल्हाईचं मटण म्हणतात आणि पुण्यात त्याची वेगळी दुकानं आहेत. तिथे मुंडी, पाया, वजडी सगळं मिळतं, आधी सांगून ठेवावं लागतं. मेंढ्याला चरबी जास्त असते, तेल कमी घाला. खरी अडचण ग्रुपच्या पातेल्याची. एकत्र शिजवायचं असेल तर सगळंच बोल्हाईचं आणा, बाकीच्यांना मेंढी चालते.

१३. शाकाहारी मित्रांचं आणि वार पाळणाऱ्यांचं काय?

तारीख ठरवण्याआधी विचारा. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. बुधवार, शुक्रवार आणि रविवारवर सहसा एकमत होतं. संकष्टी आणि एकादशी दिनदर्शिकेत बघा. आषाढी अमावस्येचा दिवस गर्दीचा, खाटकाकडे वजडी मिळेलच असं नाही. शाकाहाऱ्यांसाठी पिठलं किंवा वांग्याचं भरीत वेगळ्या शेगडीवर आणि आधी करून झाकून ठेवा. वजडी साफ करण्याची जागा त्यांच्या नजरेआड हवी.

१४. गरोदर आहे / युरिक ॲसिड आहे / कोलेस्टेरॉल आहे. चालेल का?

तिन्हींची उत्तरं वेगळी.

गरोदर असाल तर कलेजी टाळा. तिच्यात अ जीवनसत्त्व दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट असतं आणि गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, त्याचा अतिरेक बाळाला अपायकारक ठरतो. बाकी मांस पूर्ण शिजलेलं असेल तरच. रक्ती नको.

गाऊट किंवा वाढलेलं युरिक ॲसिड असेल तर कलेजी, गुर्दा, भेजा ही यादी डॉक्टरांनी आधीच दिली असेल, कारण या भागांत प्युरीन भरपूर असतं आणि त्याचंच शरीरात युरिक ॲसिड होतं. इथे 'एकदाच' हा शब्द फसवा आहे, एका जेवणानेही अंगठा सुजतो.

कोलेस्टेरॉलसाठी खरा मुद्दा भेजा. शंभर ग्रॅम कच्च्या भेजात १३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल असतं, एका अंड्यात साधारण २००. वजडी त्यामानाने पुष्कळ सौम्य, तिला तेल किती घातलंय तेवढं बघा.

लहान मुलांना चाखायला छोटा तुकडा द्या, पण पायातली बारीक हाडं तपासून.

१५. पायाने हाड जुळतं, कलेजीने रक्त वाढतं, भेजाने बुद्धी येते. खरं काय?

कलेजीचं खरं. तिच्यातलं लोह शरीर सहज घेतं आणि बी-१२ भरपूर असतं. पायाच्या रश्श्यात जिलेटिन असतं, म्हणून तो थंड झाल्यावर थिजतो. पण हाडातलं कॅल्शियम रश्श्यात फारच थोडं उतरतं, दुधाची बरोबरी होत नाही. पडलेल्या माणसाला गरम रस्सा बरा वाटतो एवढं नक्की. बुद्धीचं म्हणाल तर आमच्या ग्रुपमध्ये भेजा सर्वाधिक खाणाऱ्याकडे बघून आम्ही गप्प बसतो.

१६. भेजा खाऊन 'मॅड काऊ' होतो ना?

तो गुरांचा रोग. भारतात तो आजवर आढळलेला नाही आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला २०१० मध्ये नगण्य धोक्याच्या गटात घातलं. शेळ्या-मेंढ्यांत 'स्क्रेपी' नावाचा त्याच जातीचा आजार असतो, पण तो माणसाला झाल्याचा पुरावा नाही. भेजाबद्दल काळजी करायची तर प्रश्न १४ मधली करा.

१७. ताजं कसं ओळखायचं? कलेजीवर गाठी दिसल्या तर?

ताजी कलेजी चकचकीत, गडद तांबूस आणि दाबली की परत वर येणारी. चिकट, हिरवट झाक असलेली किंवा आंबूस वासाची घेऊ नका. पित्ताची पिशवी फुटून कलेजीला लागली असेल तर तो भाग कापून टाका, धुऊन कडूपणा जात नाही. रक्ती त्याच दिवशीची आणि ओळखीच्या खाटकाकडचीच. सकाळी लवकर जा. पालिकेच्या कत्तलखान्यात, उदाहरणार्थ मुंबईला देवनारला, पशुवैद्य जनावर तपासतात. दुकानदाराला माल कुठला ते विचारायला संकोच नको.

कलेजीत किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसल्या तर तो तुकडा परत करा. आणि हे नीट वाचा : असा तुकडा कुत्र्याला टाकू नका. त्या बहुधा फीतकृमीच्या गाठी असतात. कुत्र्याने कच्च्या खाल्ल्या की कृमी त्याच्या पोटात वाढतात, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती हाताला किंवा भाजीला लागून माणसाच्या पोटात गेली की यकृतात तशाच गाठी होतात. फार्महाऊसवर जेवण असलं की दारात कुत्री जमतातच. कच्चं काहीही द्यायचं नाही, खराब तुकडे खोल पुरायचे.

१८. घरी करणं शक्य नाही. हॉटेलात गेलो तर ते बोकडाचंच असेल का?

विचारल्याशिवाय कळत नाही. मुंबईतल्या काही गल्ल्यांत खिरी (कास), गुर्दा, भेजा, पाया म्हशीचेही असतात आणि ते तसं सांगतात. कायदा असा : महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोवधबंदी होतीच, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेड्याच्या मांसावर बंदी नाही. तेव्हा विकत असलेलं 'बडं' म्हशीचं असायला हवं. ज्याला ते नको त्याने 'बकऱ्याचंच ना?' एवढं विचारावं, चिडायचं कारण नाही. गोव्यात नियम वेगळे आहेत, तिथे मेन्यूवर बीफ दिसेल.

नवख्यांना घेऊन जाणार असाल तर दुपारी जा. वजडी सकाळी शिजते आणि रात्रीपर्यंत तीच परतत राहतात.

१९. दारूबरोबर चखणा म्हणून खाल्लं तर?

पहिल्यांदा नको. चव कळत नाही आणि पोट बिघडलं तर दोष वजडीवर जातो. युरिक ॲसिडवाल्यांनी बिअर आणि कलेजी ही जोडी तर टाळावीच.

२०. उरलं तर दुसऱ्या दिवशी चालेल?

शिजल्यापासून दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं असेल तर वजडी, पाया आणि मुंडी दुसऱ्या दिवशी चालतात, खळखळ उकळी आणून. पायाचा रस्सा तर मुरल्यावर आणखी छान. भेजा आणि रक्ती ठेवू नका. पावसाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेलं पातेलं नुसतं तापवून वाचत नाही.

२१. एक जण म्हणतोय, 'मी गावाकडून घोरपड / रानडुक्कर आणतो, तेच नवीन मांस.' आणू द्यायचं का?

अजिबात नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत आहे, मोरही. अशा प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. रानडुक्कर, रानससा, हरणं, तितर यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. पीक वाचवण्यासाठी वनखात्याने रानडुक्कर मारायची परवानगी दिली असली तरी ते मांस पार्टीला आणायची मुभा त्यात नसते. नुसतं खाणाराही अडकतो. शिवाय या मांसाची तपासणी कुणीच केलेली नसते, आणि रानडुकरातून माणसाला जाणारे कृमी गंभीर असतात. ग्रुपवर तसा मेसेज आला तर तिथेच स्पष्ट नकार द्या.

२२. आम्ही अमेरिकेत आहोत. इथे हे जेवण जमेल का?

जमतं, थोडं कापून. तिथे जनावराचं फुफ्फुस माणसाच्या खाण्यासाठी विकायला १९७१ पासून बंदी आहे, तेव्हा ते यादीतून काढा. बोकडाची मुंडी, पाय, कलेजी हलाल दुकानांत मिळते, पाय बऱ्याचदा भाजून, कापून आणि गोठवून. मेक्सिकन दुकानांत पोट सहज मिळतं, पण ते बहुतेक वेळा गाईचं असतं. लेबल वाचा आणि ग्रुपला आधी सांगा (प्रश्न ९). दुकानातलं पोट पांढरंशुभ्र असतं कारण ते कारखान्यात धुऊन, उकळून, रसायनाने पांढरं केलेलं असतं. प्रश्न ४ मधली खरवड वाचते, शिट्ट्याही कमी लागतात, पण स्वतःची चव फार उरत नाही, म्हणून मसाला थोडा वाढवा. भेजा गोठवलेला मिळाला तर फ्रिजमध्ये रात्रभर सुटू द्या, गरम पाण्यात टाकू नका, त्याचा चुरा होतो. आणि अपार्टमेंटमध्ये मुंडी भाजायला घेऊ नका, धुराचा अलार्म वाजतो आणि मग अग्निशमन दलाला वजडी म्हणजे काय हे समजावत बसावं लागतं.